72 तास कुठून मोजायचे?

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चं कलम 94 मानसिक रुग्णाच्या तातडीच्या उपचारासाठी 72 तास देतं. ते रुग्ण वॉर्डातल्या खाटेवर पोहोचला की सुरू होतात, असं धरून अर्धी कॅज्युअल्टी चालते. तसं नाही. या कायद्यानुसार रुग्णाला जवळच्या मानसिक आरोग्य आस्थापनेपर्यंत (मानसिक रुग्णांना दाखल करून घेणारं रुग्णालय किंवा वॉर्ड) नेणं हासुद्धा तातडीच्या उपचाराचाच भाग आहे. गावातल्या डॉक्टरांनी घरी येऊन इंजेक्शन दिलं आणि रुग्णाला गाडीत बसवलं, की घड्याळ तिथेच सुरू झालं. मोठ्या रुग्णालयात केसपेपर निघेपर्यंत त्यातले बरेच तास संपलेले असतात आणि ते कोणीही कुठेही लिहिलेले नसतात. मानसोपचार वॉर्डात काम करताना आमच्यासमोर जी गुंतागुंत येते, त्यातली बरीचशी या न लिहिलेल्या तासांतली असते.

दुसरी गोष्ट, 72 तास ही कमाल मर्यादा आहे. कायद्याचे शब्द असे, की 72 तास किंवा आस्थापनेत रुग्णाची तपासणी होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल ते. रात्री दोनला आलेल्या रुग्णाला मनोविकारतज्ज्ञांनी सकाळी नऊला नीट तपासलं, की कलम 94 तिथे संपलं. त्यानंतर रुग्ण स्वतःच्या संमतीने राहील, कलम 89 खाली सपोर्टेड ॲडमिशन (रुग्णाऐवजी त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर भरती) होईल, किंवा घरी जाईल. ‘तीन दिवस ठेवून बघू’ असा चौथा रस्ता कायद्यात नाही, पण राउंडवर तो सर्रास ऐकू येतो. (आपत्ती जाहीर झालेल्या भागात ही मर्यादा 7 दिवसांची, तर ईशान्येकडच्या आणि डोंगराळ राज्यांत 120 तासांची आहे. महाराष्ट्रात एरवी 72 च.)

तातडीचा उपचार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर देऊ शकतो, मनोविकारतज्ज्ञच हवा असं नाही. दवाखान्यात देऊ शकतो, तसाच रुग्णाच्या घरीही. नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणारी, कायद्याने मानलेली व्यक्ती) हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. कारणं तीनच: मृत्यू किंवा प्रकृतीचं कायमचं नुकसान टाळणं, रुग्णाने स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करणं थांबवणं, आणि आजारातूनच उद्भवलेल्या वागण्याने मालमत्तेचं मोठं नुकसान होत असेल तर ते थांबवणं. ‘रात्रभर बडबड करतो’, ‘कामावर जात नाही’, ‘लग्नाला नाही म्हणते’ यांपैकी काहीही यात बसत नाही. या कलमाखाली ईसीटी (विजेच्या झटक्याचा उपचार) देता येत नाही आणि तातडीशी संबंध नसलेला दुसरा उपचारही उरकून घेता येत नाही.

घरच्यांनी काय करायचं? सगळ्यात आधी एक कागद घ्यायचा आणि घडलेलं तारीख-वेळेसह लिहायचं. ‘खूप त्रास देतो’ या वाक्याचा डॉक्टरला काही उपयोग नाही. ‘सोमवारी रात्री अकराला गॅस चालू करून काडी पेटवायला गेला’, ‘चार दिवस जेवलेली नाही, आज पाणीही नाकारलं’, ‘कालपासून भाऊ विष घालतोय म्हणते, दुपारी त्याच्यावर विळी उगारली’ या वाक्यांवर निर्णय उभा राहतो. सोबत जुनी प्रिस्क्रिप्शनं, डिस्चार्ज कार्डं, शेवटची गोळी कधी घेतली ते, मधुमेह-रक्तदाब-फिट्स-थायरॉइडची माहिती, दारू घेत असतील तर शेवटची कधी घेतली हे, आणि आधार कार्ड. दारूची वेळ लपवली जाते. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात हातपाय थरथरायला लागतात, भास सुरू होतात, आणि नवीन आजार शोधण्यात वेळ जातो.

रुग्णाला ‘देवदर्शनाला जाऊ’, ‘बँकेत सही करायचीय’ असं सांगून आणू नका. फाटकाशी कळतंच. मग तो डॉक्टरशीही बोलत नाही आणि पुढची वर्षानुवर्षं घरच्यांच्या हातून गोळी घेत नाही. ‘तू झोपलेला नाहीस, आम्हाला भीती वाटतेय, डॉक्टरांना दाखवायचंय’ एवढं खरं सांगितलं तर बरेच रुग्ण कुरकुर करत का होईना, येतात. आणि जो येतो, त्याला जबरदस्तीच्या रस्त्याने नेण्याची गरजच उरत नाही. इंडिपेंडंट पेशंट म्हणून त्याची स्वतःची सही पुरते.

येत नसेल तर 108 ची रुग्णवाहिका, नाहीतर 112 वर पोलीस. काय करावं तेच सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. खासगी गाड्या पाठवून चार धट्टेकट्टे लोक माणसाला उचलून नेतात, विशेषतः व्यसनमुक्तीच्या नावाखाली, तो प्रकार मात्र सरळ बेकायदा आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात मनाविरुद्ध ठेवायचं तरी पुढे दिलेले कलम 89 चेच निकष, त्याच दोन तपासण्या आणि तीच मुदत. बायकोने पैसे भरले म्हणून नवऱ्याला सहा महिने कोंडता येत नाही. साखळीने बांधायला तर कलम 95 ने पूर्ण बंदी आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या निवाऱ्याला 6 ऑगस्ट 2001 ला आग लागली तेव्हा साखळ्यांनी जखडलेले 28 जण पळू शकले नाहीत. ही बंदी कशासाठी, ते यावरून कळावं.

पोलिसांचं काम कलम 100 मध्ये आहे. हद्दीत भटकणारी, मानसिक आजारी वाटणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती दिसली, किंवा आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका आहे असं वाटलं, तर तिला संरक्षणात घ्यायचं, का घेतलं ते तिला सांगायचं, आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 24 तासांत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य आस्थापनेत पोचवायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, ‘जवळची सार्वजनिक आरोग्य आस्थापना’ म्हणजे ठाणे, पुणे, नागपूर किंवा रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय असं समजून पोलीस दोनशे किलोमीटर गाडी हाकतात. कायद्याला जवळचं सरकारी रुग्णालय चालतं आणि पुढच्या तपासणीची व्यवस्था करणं ही तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. दोन, स्टेशन डायरीत ताब्यात घेतल्याची वेळ लिहिलेली नसते. ती वेळ पोलिसांच्या पत्रावर लिहून मागा. बेघर व्यक्ती असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणंही पोलीस ठाण्याकडेच येतं.

घरातच कोणा मानसिक रुग्णाचा छळ होत असेल, कोंडून ठेवलं असेल, तर रस्ता वेगळा. कोणीही, शेजाऱ्यानेसुद्धा, पोलीस ठाण्यात कळवायचं आणि तिथल्या प्रभारी अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांना अहवाल द्यायचा. दंडाधिकारी तपासणीसाठी जास्तीत जास्त 10 दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात. एरवी भरतीसाठी कोर्टाची ऑर्डर लागत नाही. ती 1987 च्या कायद्यातली रिसेप्शन ऑर्डर होती आणि त्याआधी 1912 च्या भारतीय वेडेपणा कायद्यातली. तरी आजही नातेवाइकांना ‘आधी ऑर्डर आणा’ म्हणून परत पाठवलं जातं. 2018 पासून नवा कायदा लागू आहे, पण सांगणाऱ्यांच्या डोक्यात जुनाच बसलेला आहे.

आता कॅज्युअल्टी. मानसिक लक्षणं घेऊन आलेला प्रत्येक रुग्ण मनोरुग्ण नसतो, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. रक्तातली साखर, नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन या तपासण्यांना पाच मिनिटं लागतात. त्या आधी करायच्या, मानसोपचाराला कॉल नंतर. वय जास्त, गोंधळ अचानक सुरू झालेला, शुद्ध कमी-जास्त होतेय, दिवस-वार कळत नाही, भास दिसण्याचे आहेत: असं असेल तर डेलिरियम (शारीरिक कारणाने अचानक आलेला गोंधळ) समजून कारण शोधायचं. सोडियम कमी झालेलं असतं, डोक्याला मार असतो, मेंदूत संसर्ग असतो, दारू अचानक बंद झालेली असते. दारूच्या रुग्णाला ग्लुकोज लावताना थायामिन (बी-1 जीवनसत्त्व) आधी किंवा सोबत गेलंच पाहिजे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली बाई बहकल्यासारखी बोलत असेल तर तिला ‘टेन्शन आहे’ म्हणून घरी पाठवू नये. तिच्या आणि बाळाच्या दोघांच्याही जिवाला धोका असतो.

शांत करायचं ते आधी बोलून. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी मागे सरायचं. सहा नातेवाईक, दोन मामा आणि एक सुरक्षारक्षक एकाच वेळी ‘शांत हो’ म्हणून ओरडत असतील तर कोणीही शांत होणार नाही. नाइलाज झालाच तर इंजेक्शन: हॅलोपेरिडॉल 5 मिलिग्रॅम आणि प्रोमेथाझिन 25 ते 50 मिलिग्रॅम स्नायूतून, ही आपल्याकडची नेहमीची जोडी. प्रोमेथाझिन गुंगीसाठी असतंच, शिवाय हॅलोपेरिडॉलने मान-जबडा आखडण्याचा त्रास त्यामुळे कमी होतो. एकटं हॅलोपेरिडॉल देण्याची सवय म्हणूनच वाईट. स्नायूतलं ओलान्झापीन आणि इंजेक्शनमधलं लोराझेपाम एकत्र देऊ नये, श्वास मंदावतो. इंजेक्शननंतर पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन. रुग्ण झोपला म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि लक्ष नेमकं तिथेच सुटतं. केसपेपरवर औषध, मात्रा, वेळ, कारण आणि संमती कोणाची हे सगळं हवं. तीच कलम 94 ची नोंद.

मग तपासणी. यात निर्णयक्षमतेची नोंद सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात वाईट लिहिली जाणारी. ‘इनसाइट नाही (आपण आजारी आहोत हे कळत नाही), ॲडमिशनची गरज’ ही निर्णयक्षमतेची नोंद नव्हे. कलम 4 विचारतं तीन गोष्टी: उपचाराबद्दलची माहिती समजते का, उपचार घेतल्याने-न घेतल्याने काय होईल हे उमगतं का, आणि आपला निर्णय बोलून, खुणेने, कसाही सांगता येतो का. माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यायची. अहिराणी बोलणाऱ्या आजीला प्रमाण मराठीत आणि परप्रांतीय मजुराला मराठीत विचारून ‘समजत नाही’ असं लिहिणं ही फसवणूक आहे. रुग्णाचं उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवा. ‘गोळीत चिप आहे, ती घेतली की सरकारला माझे विचार कळतील’ हे एक वाक्य पानभर शेऱ्यांपेक्षा भारी. उलट ‘मागच्या वेळी या गोळीने तीस किलो वजन वाढलं, म्हणून नको’ असं म्हणणारा माणूस डॉक्टरला चुकीचा वाटला तरी त्याची क्षमता शाबूत असू शकते. निर्णय इतरांना अयोग्य वाटला एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरवता येत नाही, हे कायद्यातच आहे. आणि इंजेक्शनच्या गुंगीत असताना घेतलेली क्षमता-चाचणी कचऱ्यात टाकण्याच्या लायकीची. जागा होऊ द्या.

कलम 89 साठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा लेखी अर्ज लागतो. प्रतिनिधी रुग्णानेच आधी साध्या कागदावर सही-अंगठ्याने नेमलेला असेल तर तो. नसेल तर क्रमाने नातेवाईक, काळजीवाहक, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने नेमलेली व्यक्ती, आणि कोणीच नसेल तर समाजकल्याण विभागाचे संचालक. बेघर रुग्णासाठी मंडळाची नेमणूक होईपर्यंत या क्षेत्रात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी तात्पुरता घेता येतो. ही सोय फारशी कोणी वापरत नाही आणि बेघर माणूस कागदाविना पडून राहतो. घरातल्या भांडणातला एक पक्षच प्रतिनिधी म्हणून पुढे येतो तेव्हा सावध व्हावं. मालमत्तेचा वाद, घटस्फोटाची केस, मनाविरुद्धचं लग्न, यांचा वास आला तर रुग्णाशी एकट्याने बोला आणि दुसऱ्या नातेवाइकाकडून हकीकत पडताळा.

दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं. एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या 7 दिवसांत. दोघांनाही तीनपैकी एक तरी गोष्ट दिसली पाहिजे: नुकताच स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा धमकी, दुसऱ्याशी हिंसक वागणं किंवा त्याला इजेची भीती वाटेल असं वागणं, किंवा स्वतःला इजा होण्याचा धोका निर्माण होईल इतकी स्वतःची हेळसांड. शिवाय यापेक्षा कमी बंधनाचा मार्ग नाही हे लिहावं लागतं. रविवारी दुसरा तपासणारा मिळत नाही. मग पहिल्याच्या नोंदीखाली ‘सहमत’ असं लिहून सही होते. पुनर्विलोकनात हा कागद टिकत नाही. दुसऱ्या तपासणाऱ्याची स्वतःची वेळ, स्वतःचे प्रश्न, स्वतःचं निरीक्षण हवं. मनोविकृती परिचारिका किंवा समाजकार्यकर्ता दुसरा तपासणारा होऊ शकतो, पण राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असेल तरच.

आगाऊ निर्देश (आजारात कोणता उपचार हवा-नको हे रुग्णाने आधीच लिहून ठेवलेला कागद) आहे का ते इथे विचारायचं. तातडीच्या उपचाराला तो लागू नाही असं कलम 9 सांगतं. गंमत म्हणजे ते कलम बोट दाखवतं 103 कडे, जे कैद्यांबद्दल आहे. तातडीचा उपचार आहे 94 मध्ये. मसुद्यातली ही चूक छापील कायद्यात तशीच आली.

सपोर्टेड ॲडमिशनची मुदत 30 दिवस. 1987 च्या कायद्यात नातेवाइकांच्या अर्जावर 90 दिवसांपर्यंत ठेवता येत असे. मुदत आखडली, पण त्याहून मोठा बदल वेगळाच आहे. जुन्या कायद्यात सरकारी सर्वसाधारण रुग्णालयातला मानसोपचार वॉर्ड ‘मनोरुग्णालय’ धरला जात नसे. नव्या कायद्याने त्याला आस्थापनेच्या व्याख्येत आणलं. त्यामुळे अर्ज, दोन प्रमाणपत्रं, कळवणं, पुनर्तपासणी हे सगळं आता दहा-वीस खाटांच्या वॉर्डावर येऊन पडलंय, जिथे एक रेसिडेंट, दोन सिस्टर आणि एक मावशी असते. कारकून नसतो. कागद मागे का पडतात याचं उत्तर इथे आहे. निष्काळजीपणा नंतर येतो.

पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं: स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत, इतरांसाठी 7 दिवसांत. रुग्ण, त्याचा प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने एखादी संस्था भरतीविरुद्ध मंडळाकडे जाऊ शकते आणि मंडळाने 7 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे हे रुग्णाला सांगणं वॉर्डप्रमुखाचं काम. सांगितल्याची नोंद ठेवावी, कारण पहिल्या दिवशी सांगितलेलं तिसऱ्या दिवशी आठवत नाही. पुन्हा सांगावं. प्रतिनिधीच्या संमतीवर उपचार चालू असतील तर दर 7 दिवसांनी क्षमता पुन्हा तपासायची. बहुतेक फायलींत पहिली तपासणी सापडते, दुसरी नाही. औषध लागू पडून दहाव्या दिवशी माणूस सरळ बोलायला लागलेला असतो आणि कागदावर तो अजून सपोर्टेडच असतो. अशा वेळी त्याला विचारून इंडिपेंडंट पेशंट करायचं. बरेच जण राहायला तयार होतात.

रुग्णाला (साखळीने नव्हे) बांधण्याबद्दल: तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपायच नसेल तेव्हा, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ. 24 तासांत प्रतिनिधीला कळवायचं, दर महिन्याला मंडळाला अहवाल. माणसं कमी आहेत हे कारण चालत नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो आणि प्रत्यक्षात तेच कारण असतं. एकट्याला खोलीत कोंडायला तर परवानगीच नाही. तीन वर्षांखालचं मूल असलेल्या आईला मुलापासून एरवी तोडता येत नाही. धोका आहे म्हणून वेगळं केलं तर दर 15 दिवसांनी त्याचा फेरविचार.

स्वतःच्या सहीने राहिलेला रुग्ण उठून ‘मी निघालो’ म्हणाला तर? सोडावं लागतं. त्या क्षणी स्थिती बिघडलेली दिसली तर तपासणीसाठी जास्तीत जास्त 24 तास थांबवता येतं, आणि तेवढ्यात कलम 89 ची पूर्ण प्रक्रिया व्हायला हवी. नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केलेला असेल तर तेही या 24 तासांचं कारण होऊ शकतं. कलम 115 अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असं गृहीत धरतं आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. भरतीचे निकष मात्र वेगळे पडताळावे लागतात.

तिसाव्या दिवसाची तयारी विसाव्या दिवशी सुरू करावी. पुढे ठेवायचं तर कलम 90, त्याला दोन मनोविकारतज्ज्ञ लागतात, मंडळाला 7 दिवसांत कळवावं लागतं आणि मंडळ 21 दिवसांत परवानगी देतं किंवा नाकारतं. पहिली मुदत 90 दिवसांपर्यंत, मग 120, मग प्रत्येक वेळी 180. कागद वाचवण्यासाठी काही ठिकाणी रुग्णाला तिसाव्या दिवशी डिस्चार्ज देऊन एक-दोन दिवसांत पुन्हा कलम 89 खाली घेतात. ते चालत नाही. डिस्चार्जनंतर 7 दिवसांच्या आत पुन्हा भरती करायची झाली तर ती कलम 90 खालीच. डिस्चार्ज कार्डावर म्हणूनच तारखेसोबत वेळही लिहा, सोबत दोन आठवड्यांची औषधं, पुढची ओपीडीची तारीख आणि घरच्यांपैकी गोळ्या कोण देणार त्याचं नाव.